पडद्यावर तो परत आला

लढाईच्या त्या वर्षी बाबा तोफगोळ्यांच्या कारखान्यात बारा-बारा तास ओव्हरटाइम करत होते आणि दादा फौजेत, सीमेवर होता. दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दुपारी आई आणि मी, दोघीच असायचो. आईला अक्षरओळख नव्हती. मराठी वाचनालयातून आणलेली एक अद्भुत कादंबरी मी तिला रोज थोडी वाचून दाखवत असे. नदीच्या तळाशी एक शहर, तिथे कोंडलेला उजेड आणि तो आणायला उतरलेला राजपुत्र, अशी ती गोष्ट. आईने त्या पुस्तकाची पोथीच करून टाकली होती. पाटावर ठेवल्याशिवाय उघडायचं नाही, आणि कुणाच्या मरणापाशी तर मिटायचंच नाही. पुढचं बरं काही येईस्तोवर वाचत राहायचं.

शेवटची पानं उरली होती तेव्हा तार आली. दादा बेपत्ता.

चार दिवस पुस्तक उघडलंच नाही. पाचव्या दुपारी तिने स्वतःच पाट मांडला. पुस्तकात राजपुत्र उजेड वर पाठवतो आणि स्वतः तळाशीच राहतो. तिथेच गोष्ट संपते. पुढे नुसतं कोरं पान होतं, मग बरं काही कुठून आणू? मी पंधरा वर्षांची होते आणि थापा मला चांगल्या जमायच्या. त्या कोऱ्या पानाकडे बघत मी वाचलं, की तो घाटाच्या पायऱ्या चढून आला आणि आईपाशी जेवायला बसला. आईने पुस्तकाला हात जोडले. त्या दिवसापासून ती दादाचंही ताट वाढू लागली.

लढाई संपली, तरी दादाची काही खबर आली नाही. वर्षभराने त्याच कादंबरीवरचा हिंदी सिनेमा लागला आणि आईने हट्टच धरला. बाबांच्या सुटीच्या दिवशी आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. पुस्तकात ते शहर जेमतेम चार ओळींत येतं, पण त्या चार ओळींनी माझ्या अंगावर काटा यायचा. इथे पुठ्ठ्याचे महाल, दोऱ्याला लटकवलेले मासे, आणि प्रत्येक संकटाआधी एक नाच. मी सारखी नाक मुरडत होते. पण शेवटी राजपुत्र पायऱ्या चढून वर आला आणि मला त्या भिकार सिनेमाच्या पाया पडावंसं वाटलं. माझी थाप त्याने खरी केली होती.

बाहेर पडताना आई खुशीत होती. म्हणाली, अगदी पुस्तकासारखं दाखवलं. बाबा तरुणपणी वाचनवेडे. नोकरीला लागायच्या आधीच त्यांनी ती कादंबरी वाचली होती, आणि सिनेमावाल्यांनी तिचं वाटोळं केलं म्हणून ते फणफणत होते. मी आईला काय वाचून दाखवलं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"काही पुस्तकासारखं नाही," ते म्हणाले. "पुस्तकात पोरगा येतच नाही. खालीच राहते तो."

बोलून गेल्यावर आपण कुणासमोर काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. आई भर रस्त्यात थांबली. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढं तिला पुरलं. सायकली आणि रिक्षा आम्हाला वळसा घालून जात होत्या.

मग तिने बाबांना अगदी हळू विचारलं, "मंग आता त्याचे दिवस करायचे का?"