अकरा नंबरची चिठ्ठी

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. काळजाच्या तळाशी गाडून ठेवली होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं एवढंच, की कुणी विचारलं नाही.

मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक होतो. निवृत्त झालो आणि दोन वर्षांत करोना आला. दुसऱ्या लाटेत शहरातल्या एका रुग्णालयाला व्हेंटिलेटर कमी पडू लागले, आणि ते कुणाला द्यायचे हे ठरवायला तीन जणांची समिती नेमली गेली. अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरबाई, वॉर्डच्या मुख्य सिस्टर आणि ‘समाजाचा प्रतिनिधी’ म्हणून मी. समाजाने मला निवडलं नव्हतं. एका विश्वस्तांनी निवडलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला दुसरं काम नव्हतं. पहिल्या बैठकीचा बराच वेळ समितीचं नाव ठरवण्यात गेला. ‘न्याय्य वाटप’ की ‘समन्यायी वाटप’ — यावर मी स्वतः पंधरा मिनिटं बोललो. खाली फाटकाशी रुग्णवाहिका ओळीने उभ्या होत्या.

नियम मीच लिहिले. चांगले लिहिले, हे आजही म्हणेन. यादीत नाव नाही, जात नाही, धर्म नाही, गाव नाही, कुणाचा फोन आला ते नाही. फक्त बेडचा नंबर आणि प्रकृतीवरून डॉक्टरांनी दिलेले गुण. गुण सारखे पडले तर चिठ्ठी. एकूण एकोणीस कलमं. आंधळा न्याय, असं विश्वस्त म्हणाले आणि मला बरं वाटलं.

पण नातेवाइकांना निर्णय सांगायचा कुणी? डॉक्टरबाईंना जेवायला वेळ नव्हता, सिस्टर तर दिवस दिवस त्या प्लास्टिकच्या पोशाखात. मग ते काम माझ्याकडे आलं. म्हणजे बघा — ज्याच्यापासून नावं लपवायची, तोच माणूस रोज सकाळी पार्किंगच्या पत्र्याखाली जाऊन सगळ्या नातेवाइकांना भेटत होता. कोणत्या बेडचं कोण, मला पाठ झालं होतं. ही विसंगती कुणाच्याच लक्षात आली नाही. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाच्याही नाही.

मी विषयाभोवती फिरतोय, कळतंय मला.

बेड सातच्या गृहस्थांचा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. हातात वही. मी दिसलो की उठून यायचा. ‘‘सर, निकष लेखी पाहिजेत मला. आणि ठरवणाऱ्यांची नावं पण. तुम्ही डॉक्टर नाही ना? मग कोणत्या अधिकारात इथे आहात?’’ प्रश्न अगदी रास्त होता. म्हणूनच मला त्याचा धाक वाटायचा.

बेड अकराचा नवरा लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातला. किसन नाव. बायको चाळिशीची, कापूस वेचायला जाणारी. हा भिंतीला टेकून उकिडवा बसलेला असायचा. त्याने कधी काही विचारलं नाही. मीच एकदा म्हणालो, ‘‘काही विचारायचंय का?’’ तर म्हणाला, ‘‘नाय साहेब. तुम्ही सांगताल तसं. तुमाला लई लोकं हायेत.’’

मशीन एकच मोकळं झालं. कसं मोकळं झालं हे सांगायला नको. सात आणि अकरा यांचे गुण सारखे. नियमाप्रमाणे चिठ्ठी. भर दुपार होती. सिस्टरच्या छोट्या खोलीत पंखा बंद, आम्ही तिघं उभे. एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे करून मी आकडे लिहिले, चार घड्या घातल्या, इंजेक्शनच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकल्या. ट्रे हलवला. सिस्टरनी एक उचलली. हातात दोन दोन ग्लोव्हज, घडी उलगडेना. ‘‘सर, तुम्हीच बघा,’’ म्हणाल्या आणि चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवली. डॉक्टरबाईंनी वॉर्डला फोन लावलेलाच होता.

मी चिठ्ठी उघडली. अकरा होतं.

मी म्हणालो, ‘‘सात.’’

इतकंच. घाम होता, तो आधीपासूनचाच. आवाज तर — अजून मला याचाच धक्का बसतो — आवाज अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखा आला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, ‘‘सात घ्या,’’ आणि निघून गेल्या. ट्रेमध्ये दुसरी चिठ्ठी पडून होती. ती उघडली असती तर तिच्यातही सातच निघालं असतं. पण दोन्ही चिठ्ठ्या उघडून दाखवाव्यात, असं एकोणिसातल्या एकाही कलमात नव्हतं. मी दोन्ही उचलल्या आणि संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. जंतुसंसर्गाचे नियम मी फार काटेकोरपणे पाळत असे.

का केलं मी हे? तुम्हाला वाटेल, सातवाला ओळखीचा असेल. नव्हता. जातीचा? नव्हता. कुणाचा फोन? नाही. असं काही असतं तर निदान माझं मला समजलं असतं — अशा माणसांवर मी आयुष्यभर टीका केली आहे, त्यांची ओळख आहे मला. कारण याहून लहान होतं. ‘नाही’ सांगायला खाली मला जायचं होतं. वहीवाल्याला ‘नाही’ सांगायची मला भीती वाटली. किसनला सांगणं सोपं होतं.

बस. एक बाई मशीनवर जाऊ शकली नाही, कारण तिचा नवरा त्रास देणारा नव्हता.

चष्म्यावर वाफ होती, हेही सांगून टाकतो. मास्कमुळे सगळ्यांच्याच असायची. त्याच क्षणी ‘‘थांबा, चुकलं, अकरा आहे,’’ म्हणालो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. डॉक्टरबाई जिन्यापर्यंतही पोचल्या नव्हत्या. कारण अक्षरशः नाकावर बसलेलं होतं. पण वाफेतूनही अकरा स्पष्ट दिसत होतं, आणि मी गप्प राहिलो. खाली गेलो. अकराची चिठ्ठी निघाली नाही म्हणालो. किसनने मान हलवली. ‘‘व्हय,’’ म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘‘तुम्ही बसा ना साहेब, उन्हातून आलात.’’ आणि स्वतः सरकून मला सावली दिली. मी बसलो! याचंही मला आश्चर्य वाटतं, की मी बसलो.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तेवढ्या वेळात दुसरं मशीन मोकळं झालं नाही. बेड सातचे गृहस्थ बरे होऊन घरी गेले. मुलगा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘सर, राग मानू नका. पण तुमची पद्धत खरंच फेअर होती.’’

किसनने बायको गेली त्या दिवशी पहिल्यांदा काही मागितलं. म्हणाला, ‘‘साहेब, चिठ्ठी टाकली व्हती एवढं कागदावर लिहून द्या. माझे मेव्हणे गंगापूरचे हायेत, लई तापट. म्हणतील, तू गप बसला, कुणाला बोलला नाय, म्हणून माझ्या बहिणीला मशीन भेटली नाय.’’

मेव्हण्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ते जगात फक्त मला माहीत होतं. मी रुग्णालयाचा छापील कागद घेतला. ‘दोन्ही रुग्णांचे गुण समान असल्याने समितीसमक्ष चिठ्ठी काढण्यात आली व निर्णय निःपक्षपातीपणे झाला.’ सही केली. शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. कोणता गुन्हा मोठा — चिठ्ठीचा की या कागदाचा? मला ठरवता आलेलं नाही, आणि आता समितीही नाही.

मागच्या वर्षी तो माझ्या घरी आला. पत्ता रुग्णालयातून विचारून घेतला म्हणाला. सोबत शेतातली तुरीची डाळ. आम्ही नको नको म्हणेपर्यंत ती माझ्या बायकोच्या हातात होती. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून तो कागद काढून मला दाखवला. मेव्हण्यांनी वाचला, दुसऱ्यांकडून वाचून घेतला, आणि मग कुणी काही बोललं नाही. ‘‘तुमच्या कागदानं माझी अब्रू राहिली, साहेब,’’ असं तो माझ्या बायकोसमोर म्हणाला. तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी कागदाकडे पाहत होतो.

घडीवर फाटायला लागला म्हणून त्याने तो लासूर स्टेशनला झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घेतला आहे. काम चांगलं केलंय. आत हवेचा एकही बुडबुडा नाही.