एक ओळ रिकामी

की-बोर्डवरचे दोन्ही हात उचलून तो मांडीवर ठेवायचा, खुर्चीत मागे टेकायचा आणि म्हणायचा, "विचारलं का त्यांना?"

हात मांडीवर गेले की आम्ही समजायचो, आजचं काम लांबलं. चहा मागवायचा असला तरी हेच. आम्ही सरसकट सांगून मोकळे व्हायचो, आणि हा उठून टेबलाटेबलाशी जाऊन साखर किती, दूध चालेल का, असं विचारत फिरायचा. चहा येईपर्यंत जेवणाची सुट्टी संपलेली असायची. मी एकदा चिडून म्हटलं, "लग्नाआधी बायकोला तरी विचारलं होतंस का?" तो शांतपणे म्हणाला, "तिनेच मला विचारलं, दादा."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. माणूस चांगला, पण त्याच्यापायी सगळ्यांना उशीर. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो, आणि आता तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघं संगणकाची कामं करायचो, कंत्राटावर. मी इथलाच, घरी अहिराणी बोलणारा. तो डोंगरात मोलगीच्याही वरच्या एका पाड्यातला, घरी पावरी बोलणारा. मराठी आम्हा दोघांचीही कचेरीपुरती. बाजारात मिरची आली की सगळं गाव तिखट हवेत जगायला सरावतं, पण त्याला शेवटपर्यंत सवय झाली नाही. हिवाळाभर शिंकत असायचा आणि प्रत्येक शिंकेनंतर समोरच्याची माफी मागायचा.

डोंगरातल्या दवाखान्यांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचं रजिस्टर संगणकावर येणार होतं. दुखण्याने कळवळत एखादं पोर आलं की त्याच्या जुन्या तपासण्या तिथल्या तिथे दिसाव्यात, हा हेतू. त्यासाठी प्रत्येक संगणकात डेटाबेसचा ड्रायव्हर बसवायचा होता. हा एक छोटा प्रोग्रॅम, तो नसेल तर संगणक जिल्ह्याच्या माहितीपर्यंत पोचतच नाही. बसताना तो दहा प्रश्न विचारतो. कुठल्या फोल्डरमध्ये बसू, कोणते भाग घेऊ, आमच्या अटी मान्य आहेत का. दर दवाखान्यात माणूस पाठवून हे करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. म्हणून साहेबांनी सांगितलं, उत्तरांची फाइल बनवा. अशा फाइलमध्ये डावीकडे प्रश्न असतो, उजवीकडे उत्तर. ती सोबत पाठवली की ड्रायव्हर कोणाला काही न विचारता आपला आपण बसतो. तिकडे खुर्चीत माणूस नसला तरी चालतं.

फाइल त्याने बनवली, आणि नेटकी बनवली. फक्त एक ओळ रिकामी ठेवली. 'अटी मान्य?' याच्यापुढे त्याने काही लिहिलंच नाही.

"एक शबद लिखी टाक ना भो, तुन्हं काय जास?" मी म्हटलं.

हात मांडीवर गेले. "माझं काही जात नाही, दादा. पण संगणकावर तिथली सिस्टर बसणार ना? मी इथून तिचं हो कसं लिहू?"

मी त्याला समजावलं की या अटी कंपनीच्या असतात, जगात कोणी त्या वाचत नाही, आणि संगणक कचेरीचा असल्यामुळे मान्यताही कचेरीचीच. त्याने सगळं ऐकून घेतलं. ओळ रिकामीच राहिली.

मग सुरू झाला एक तमाशा. ड्रायव्हर दवाखान्यात जाऊन बसायला लागायचा आणि त्या एका प्रश्नावर अडून राहायचा. हा इकडून फोन लावायचा, अटींचा मथितार्थ पावरीत सांगायचा आणि मग विचारायचा, 'मान्य'चं बटण दाबणार का. पलीकडून कोणी "तुम्ही सांगाल तसं" म्हटलं की मान हलवायचा. "हे उत्तर नाही," म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा. तिकडून हसणं ऐकू यायचं, कधी वादही. मला शब्द कळत नसत, पण बोलणारी माणसं घाबरलेली नाहीत एवढं कळायचं. कचेरीच्या फोनवर डोंगरातल्या माणसाला इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

याचं मूळ त्याने मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. त्याच्या लहानपणी गावाच्या खालच्या अंगाला तलाव व्हायचा होता. साहेबलोक आले, मराठीत बोलले. बाप उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, साहेब." बापाला मराठी तेवढीच येत होती. कोणीही सरकारी माणूस आला की तो हेच म्हणायचा, कारण हे म्हटलं की माणूस निघून जातो. त्या दिवशी मात्र ते कागदावर संमती म्हणून उतरवून घेतलं गेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग पाणी आलं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "बाप मरेपर्यंत म्हणत होता, मी हो कधी म्हणालो?"

एकेक करत सगळे दवाखाने झाले. एक राहिला. तिथली सिस्टर डोंगरातलीच, तरुण, तोंडाने फटकळ. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. काही बिघडलं तर कंपनी जबाबदार नाही असं अटीत असेल, तर ते माझ्या अंगावर येणार का, असा तिचा प्रश्न होता. याला कोण आनंद झाला! दिवसभर येईल-जाईल त्याला सांगत सुटला, "ती नाही म्हणाली!" जणू घरात बारसं होतं.

साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब वाईट नव्हते. ते ओरडलेही नाहीत. म्हणाले, "त्या दवाखान्यात काल एक मुलगी आली. दुखणं सहन होत नव्हतं, आणि मागचं काहीच दिसेना म्हणून तपासणी पहिल्यापासून करावी लागली. तुझ्या एका ओळीसाठी. आज लिहितोस, की मी दुसऱ्याला सांगू?"

तो मग म्हणाला, "उद्या जातो, साहेब. तिच्यासमोर बसून बोलतो. उद्या संध्याकाळी रजिस्टर उघडेल."

दुसऱ्या दिवशी मोलगीचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी तिकडच्या जीपा कशा भरतात ते तुम्ही पाहिलं असेल. आत जागा नव्हती. तो मागच्या फळीवर उभा राहिला, वरच्या दांडीला धरून. चढावर जीप मागे घसरली आणि कलंडली. आतली माणसं खरचटण्यावर निभावली. तो जीपखाली सापडून गेला.

बातमी आली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक शब्द लिहिला असता तर आज इथे बसलेला असता," ते म्हणाले. ते खरंच होतं. त्याच्या टेबलावर शिंकांसाठी घडी करून ठेवलेला रुमाल तसाच पडून होता, आणि तो कोणी उचलायचा ते ठरेना.

काही दिवसांनी साहेब माझ्याकडे आले. "ते उरलेलं एक करून टाक." फाइल उघडली. ती ओळ तशीच होती. एक शब्द, आणि मग जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळं आटोपलं असतं. माझे हात आपोआप मांडीवर गेले. ते पाहून साहेब म्हणाले, "जा बाबा. पण जीपमध्ये आत बस."

मी आत बसून गेलो. त्या चढावर मी डोळे मिटून घेतले होते.

सिस्टर दारात उभी होती. फोनवर भांडणारी ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. "त्या दिवशी त्यांची वाट पाहिली, सर," एवढंच म्हणाली. संगणक सुरू केला. ड्रायव्हर बसायला लागला आणि त्या प्रश्नावर येऊन थांबला.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. त्याने सांगितलं असतं ते सगळं सांगितलं. बिघाड झाला तर तो कचेरीने निस्तरायचा, तुमच्या अंगावर काही येणार नाही, साहेबांकडून तसं लिहून आणतो, तोवर नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी परत जाईन. सगळं सावकाश आणि साध्या शब्दांत. पण मराठीत. मला दुसरं काही येत नव्हतं.

ती खाली मान घालून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर उठून उभी राहिली.

"तुम्ही सांगाल तसं, सर."

मला त्याच्यासारखं पहिल्यापासून सुरू करायचं होतं. पण कोणत्या भाषेत करणार? बाहेर बाकावर एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोर कण्हत होतं. सिस्टरने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहत तिने बटण दाबलं.