आईचे महिने, शेळीचे महिने

माझ्या वेळी आईला दूधच आलं नव्हतं. मी शेळीच्या दुधावर वाढले, आणि त्यावरून मामा अजून मला शेळीची लेक म्हणून चिडवतो. म्हणूनच पुन्हा दिवस गेले तेव्हा आईनं आधी शेळीचा हिशेब मांडला. शेळी पाच महिन्यांत विते. आईला चौथा सरला की शेळी फळवून आणायची, म्हणजे दोघी मागेपुढे बाळंत होतील.

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. आसपास आमच्या लोकांची घरं जळाली. आमच्या गावानं घरं जाळली नाहीत, बौद्धवाड्यावर बहिष्कार घातला. गिरणी, दुकान, मजुरी, सगळं बंद. वडील कामाच्या शोधात परभणीला गेले. ताडकळसच्या बाजाराला जायची कुणाची छाती होईना, त्यामुळे विकायला काढलेला छोटा बोकड घरीच राहिला. तो याच शेळीचा, मागल्या वेताचा.

शेळी माजावर आली. गावात फळवायचा बोकड एकाच शेतकऱ्याकडे होता आणि आजवर त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. आम्ही मायलेकी शेळी घेऊन गेलो. तिचा आवाज ऐकून बोकड दाव्याला हिसडे देऊ लागला. शेतकरी आमच्याकडे न बघताच म्हणाला, गावानं ठरवलंय, त्याला इलाज नाही. मग त्यानं फाटक लावून घेतलं. बोकडाला कसली आलीय जात, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईनं माझा दंड दाबला.

तीन आठवड्यांनी शेळी पुन्हा ओरडू लागली. आईचं पोट आता चांगलंच दिसत होतं. आणखी थांबलं तर बाळाला पाजायचं काय? तिनं घरचा बोकड सोडला. शेळीचं तोंड भिंतीकडे करून तिची मान स्वतः धरली, आणि मला आत जायला सांगितलं. ती रडत होती. त्या शेतकऱ्याचा मला तेव्हा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचा आलेला नाही.

भाऊ आधी जन्मला. आईला याही वेळी दूध आलं नाही. शेळी विईपर्यंत तो गुळाच्या पाण्यावर आणि वाड्यात मिळेल त्या घोटभर दुधावर कसाबसा तगला. शेळीला एकच करडू झालं, मागचे पाय वळलेलं. आई ओली बाळंतीण, तरी गोठ्यात बसून त्याला आचळाला लावत राहिली. दुसऱ्या दिवशी ते मेलं.

शेळी त्याला हुंगत ओरडत होती. आईनं माझ्या हातात तांब्या दिला.

"समदं काढ," ती म्हणाली. "मागं काई ठिवू नको. लेकराला आता वाटेकरी न्हाई."