मोसंबीवरची सुई

११ जानेवारी, रविवार. मटार सोलून फ्रीजरमध्ये टाकायचे होते. मदतीला हाक मारली तर लेक लॅपटॉप घेऊनच बसली. तिची जपानी अॅनिमे मालिका चालू होती, म्हणून मीही अधूनमधून बघत होते. नायक नूडल्सच्या दुकानात भांडी घासतो. एका हाताने पूल उचलण्याची ताकद अंगात, पण शहरावर संकट आलं की हा मागच्या दाराने पसार.

"आळशी आहे मेला," मी म्हटलं.

"आळशी नाहीये गं. एकदा त्याचा नेम चुकला होता. तेव्हापासून त्याला स्वतःच्या हाताचीच भीती वाटते."

माझ्या शेंगेतले दाणे परातीबाहेर उडत होते. बरेच दिवस उजवा हात थरथरत होता. मी घरात कोणाला बोलले नव्हते.

मी नर्स होते. नोकरी सोडली तरी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत इंजेक्शन म्हटलं की मीच. हात हलका, टोचलेलं कळतही नाही, अशी ख्याती. समोरच्या काकांना रोज सकाळी इन्सुलिन मी देत असे. त्यांना नीट दिसत नाही आणि काकू सुई बघून स्वयंपाकघरात जातात. दुसऱ्या कोणाकडून काका टोचून घेत नाहीत. मागे मी गावाला गेले तेव्हा त्यांनी इन्सुलिन घेतलंच नाही, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं. आता आदल्याच दिवशी सुई आत असताना माझा हात हलला होता. पोटावर काळंनिळं झालं. "आज लक्ष दुसरीकडे दिसतंय," एवढंच ते म्हणाले.

"शेवटी काय करतो हा?" मी लेकीला विचारलं.

"अजून बरेच भाग आहेत, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोसंबी घेऊन समोर गेले. नर्सिंगला आम्ही टोचायला मोसंबीवरच शिकलो होतो.

"माझा हात थरथरतो," दोघांना सांगितलं. "आजपासून काकू देतील."

"मग आज राहू दे," काका म्हणाले.

"राहू देणार नाही," मी म्हटलं.

काकूंनी मोसंबीला चार-पाचदा टोचलं. काका बघत होते. "ती काही ओरडली नाही," असं म्हणून त्यांनी सदरा वर केला. मी नवी सिरिंज काढून दिली. काकूंनी डोस भरला, मी तपासला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण सुई सरळ गेली. तोवर मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होते.

घरी येऊन लेकीला उठवलं आणि माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली.