माझू देवीचा सिनेमा

माझा नवरा तिंग-फू सिनेमावेडा. जपानचा असो, कोरियाचा असो की हाँगकाँगचा, चांगला सिनेमा म्हटलं की हा कुठूनतरी रिळं पैदा करणार आणि अंगणात पडदा बांधून बघत बसणार. एका जपानी सिनेमात एक म्हातारा पाच मिनिटं नुसती छत्री वाळत घालतो, आणि आमचे हे डोळे पुसतात! मी कपडे वाळत घालते तेव्हा मात्र कधी ढुंकून बघत नाहीत.

पोट भरायचं ते देवळातल्या खेळांवर. आमच्या तैवानच्या बुदाई बंदरात नवस फळला की दर्यावर्द्यांना सांभाळणाऱ्या माझू देवीसमोर सिनेमा लावतात. पुढची खुर्ची देवीची, ती मोकळी ठेवायची. घरोघरी टीव्ही आल्यापासून मागच्या खुर्च्याही मोकळ्याच असतात.

त्या वर्षी पाओ-चू आजींच्या मुलाची बोट वादळात अकरा दिवस बेपत्ता होती आणि मग परत आली. आजींनी नवस केला होता तो त्यांच्या लग्नाच्या वर्षी नवऱ्याबरोबर पाहिलेल्या सिनेमाचा. आपल्या तैवानी बोलीतला, जुना, धक्क्यावर वाट बघणाऱ्या बायकोचा.

"पोरा, तोच हं," त्या यांना म्हणाल्या. "देवीला नाव घेऊन सांगितलंय मी."

यांनी तो मिळवला, घरी लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "काय ही रडारड! देवीनं जन्मभर हेच बघायचं का?"

खेळाच्या संध्याकाळी पडद्याच्या दोऱ्या बांधताना मला डब्यावरचं नाव दिसलं. छत्रीवाला सिनेमा!

"अहो, हा कुठला आणलात?"

"कोण येणार आहे बघायला? आजींचे गुडघे धरलेत. बघू दे देवीला एकदा काहीतरी बरं."

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आजी आल्या, मुलाच्या खांद्याला धरून. देवीच्या खुर्चीमागे बसल्या. पडद्यावर म्हातारा छत्री झटकत होता. आजी बघत राहिल्या. मग उठून देवळात गेल्या, आणि कौलाच्या लाकडी चंद्रकोरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. आजींच्या तिन्ही वेळा दोन्ही पालथ्या पडल्या.

बाहेर येऊन मला म्हणाल्या, "देवीनं माझा नवस घेतला नाही गं. सिनेमाच बदलून टाकला तिनं. माझं कुठं चुकलं? माझा ची-नान परवा पुन्हा बोटीवर जायचाय. आता कुठल्या जिवावर पाठवू त्याला?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी यंत्र बंद केलं.

"आजी, देवीनं नाही. डबा बदलला. माझ्याकडून... चुकून."

चुकून! खरं बोलायला माझंही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींचा सिनेमा लावला. हे यंत्रापाशी खाली मान घालून उभे होते. पडद्यावरची बाई धक्क्यावर आली तशी आजी देवीच्या खुर्चीकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हीच बघ ती. मी सांगितलं होतं ना?" नंतर कौल तिन्ही वेळा लागला. आजींनी आम्हाला तांदळाच्या पिठाच्या लाल, गोड कासवांचा प्रसाद दिला. घरी यांनी एक उचललं आणि तसंच ताटात ठेवलं.

ची-नान सुखरूप आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. आता कुठल्याही खेळाआधी हे देवीच्या खुर्चीपुढे उभे राहून सिनेमाचं नाव मोठ्यानं सांगतात. लोकांना वाटतं, केवढी भक्ती!

मासळीबाजारात भेटल्या की पाओ-चू आजी यांचा हात धरून चारचौघांना सांगतात, "चूक झाली तर लपवणारे पुष्कळ असतात. हा बघा, त्याच क्षणी कबूल करणारा माणूस!"

सगळे कौतुकानं बघतात. हे टोपलीतल्या मासळीकडे बघतात, आणि मी यांच्या चपलांकडे.