कोरड्या अंगरख्याचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका अंगावरच्या कपड्यांना जपणारा माणूस अख्ख्या पुण्यात झाला नाही. दरबारात जाताना वाटेत पावसाचे दोन थेंब पडले, तर हे गृहस्थ परक्याच्या ओसरीवर चार-चार घटका बसून राहायचे. मुठेला गुडघाभर पाणी असलं तरी अंगरखा, पगडी, धोतर सगळं काढून गाठोडं डोक्यावर घ्यायचे आणि लंगोटीवर पलीकडे जायचे. एकदा पलीकडच्या काठावर खुद्द कारभाऱ्यांची पालखी उभी होती. व्याह्यांनी त्याच वेषात मुजरा केला, आणि कारभारी हसले तेव्हा म्हणाले, "आपण पाहू नये, म्हणजे झालं." लोक त्यांना चिक्कू म्हणत. मीही म्हणत असे, कारण मला खरं कारण ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायचं धैर्य नव्हतं.

कारण असं की, लांबून कोणाच्या मरणाची वार्ता आली की नेसत्या वस्त्रांनिशी पाण्यात बुडी मारायची, ही आपली रीत. पानपतची बातमी आली त्या दिवशी अर्धं पुणं अंगावरच्या कपड्यांसकट नदीत उतरलं होतं. व्याह्यांचा एकुलता एक मुलगा त्या फौजेत होता. तो मेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, जिवंत असल्याचंही नाही. व्याही काठावर कोरडे बसून राहिले. "मी प्रेत पाहिलेलं नाही, मी स्नान करणार नाही," म्हणाले, आणि त्या दिवसापासून नेसत्या कपड्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. त्यांचा तो मुलगा म्हणजे माझा जावई. माझी लेक त्यांच्याच घरी कुंकू लावून त्याची वाट पाहत होती.

बारा वर्षं लोटली. भाऊबंद म्हणाले, शास्त्राप्रमाणे मुदत संपली, आता गयेला पिंड ठेवा आणि मोकळे व्हा. व्याही यात्रेला निघाले, पण वाडवडिलांच्या पिंडांसाठी. मुलाचा पिंड ठेवायला त्यांना राजी करण्याचं काम भाऊबंदांनी माझ्या गळ्यात घातलं. आणि मी, शहाणा, ते घेतलंही! स्वतःच्या मुलीचं कुंकू पुसायची कामगिरी घेऊन शेकडो कोस चालत गेलेला बाप मी. नाही म्हणण्यापेक्षा चालणं सोपं वाटलं.

व्याह्यांनी वाटभर कशालाच बरं म्हटलं नाही. नर्मदा पाहून म्हणाले, "रुंद आहे. काम काय एवढ्या रुंदीचं?" प्रयागचा संगम त्यांना गढूळ वाटला, काशीचा भात चिकट. गयेच्या अलीकडे राजगृहाला गरम पाण्याची कुंडं आहेत असं कळलं, तेव्हा मी हट्टाने एक दिवसाचा मुक्काम करायला लावला. गरम पाण्यात गुडघे सैल होतील, त्यांच्याबरोबर मनही होईल, असा माझा डाव.

परका मुलूख, थंडीची सकाळ, डोंगराच्या पायथ्याशी वाफाळणारं कुंड. व्याही कपडे घडी घालून, वर दगड ठेवून, गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "पाणी बरं आहे." मला भरून आलं. आम्ही दोन घटका तसेच बसलो. ते मुलाच्या लहानपणाबद्दल बोलले, बारा वर्षांत पहिल्यांदा. मग बाहेर आले, अंग पुसलं, धोतर, अंगरखा, पगडी, सगळं चढवलं. हीच वेळ, असं मनाशी म्हणत मी ओल्या पंच्यानिशी त्यांच्यामागे पायऱ्या चढलो. "व्याहीबुवा, आता गयेला..." एवढंच तोंडातून निघालं. शेवाळावरून पाय सटकला, मी हाताला लागलं ते धरलं. हाताला लागलं ते त्यांचं उपरणं होतं. दोघेही धबक्कन कुंडात!

व्याही पगडीसकट वर आले. आमच्या जथ्यातल्या एक वृद्ध बाई काठावर धुणं पिळत होत्या. त्यांनी पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अगोबाई! कोण गेलं हो?"

"आमचे व्याही गेले होते," माझ्याकडे बोट दाखवून ते शांतपणे म्हणाले. "परत आले."

कोणी हसलं नाही. पगडीचे पेच सुटून खांद्यावर आले होते. ते बाहेर येईनात. मग अगदी हळू, मला कधी ऐकू आला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "हे धरायचं नाही ना? पाय घसरला, एवढंच. होय ना?"

"संकल्पावाचून कसलं स्नान?" मी म्हटलं. "धरायचं नाही."

त्यांनी मान हलवली. ओठ थरथरत होते, गरम पाण्यात.

तीन दिवसांनी आम्ही गया गाठली. वाडवडिलांचे पिंड झाले. गुरुजींनी विचारलं, "आणखी कोणाचं नाव?" व्याही माझ्याकडे पाहत राहिले. जावयाचं नाव, गोत्र, सगळं मला मुखोद्गत होतं.

"एवढेच," मी म्हणालो.

पुण्यात भाऊबंदांनी घेरलं, तेव्हा मी सांगितलं, विसरलो. सगळ्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. माझ्या अकलेवर इतका विश्वास कोणी कधी टाकला नव्हता. व्याही कोपऱ्यातून म्हणाले, "चला, आयुष्यात एक गोष्ट तरी नीट जमली तुम्हाला."

व्याही गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यांच्यामागे लेक माझ्याकडे राहायला आली. माझ्या लेकीचे केस पांढरे होत आले आहेत. रोज सकाळी ती आरशासमोर बसून कुंकू लावते, आणि मी तेवढा वेळ दुसरीकडे पाहतो. मी तिचं भलं केलं की तिला जन्मभर दारात उभी करून ठेवली, हे विचारावं असा एकच माणूस होता.