एलिनामी बाबांची पेटी

आफ्रिकेतल्या आमच्या मोशीत कुणाच्या दारात पोस्टमन येत नाही. पोस्टात लोखंडी पेट्यांची भिंत आहे. ज्याची पेटी त्याने किल्लीने उघडायची. आमच्या गल्लीत पेटी होती ती एकट्या एलिनामी बाबांची, आणि तिच्यात पत्रं यायची सगळ्या गल्लीची. माझ्या नवऱ्याने मला मागणी घातली तीसुद्धा त्याच पेटीतून. बाबांनी पाकीट जसंच्या तसं आणून दिलं. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही आणि फेकायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. चर्चला मात्र ते उशिराच पोचत.

पुढे ईमेल आला, तोही बाबांनी पेटीसारखाच घेतला. गावातल्या इंटरनेट कंपनीचं खातं, दरमहा पैसे, फोनच्या तारेला जोडलेला कॉम्प्युटर. पत्ता एक, माणसं गल्लीभर. विषयाच्या जागी नाव असायचं: ‘शिंप्याच्या बायकोसाठी’. ती मी. बाबा पत्र छापून, घडी घालून घरपोच करायचे. न वाचता छापता कसं, असं विचारलं तर म्हणायचे, “चष्मा काढून.”

बसस्टँडजवळ सलामाने इंटरनेट कॅफे काढला आणि ती सगळ्यांना फुकटची खाती उघडून द्यायला लागली. बाबांना ते पटेना.

“फुकट पेटी कोण देतं? किल्ली तिच्याकडेच राहत असणार.”

आम्ही माना डोलावल्या. आम्हाला तरी कुठे काय कळत होतं!

त्याच सुमाराला आमच्या गल्लीतल्या गॉडलिसनचं जर्मनीत लग्न झालं. त्याच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून त्याने बाबांच्या पत्त्यावर फोटो पाठवला. फोटो एवढा जड की अर्धा उतरला की लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याच्यामागे बाकीची पत्रं अडकली. त्यातच शेजारच्या न्देशीला नॉर्वेच्या नर्सिंग कॉलेजकडून आलेलं उत्तर असणार होतं. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या मैत्रिणीला प्रवेशाचं पत्र आलं होतं, आणि त्यात होकार शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलं होतं.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “तो फोटो काढून टाकू का?”

बाबा गॉडलिसनच्या आईला विचारायला गेले. ती म्हणाली, “लेकाचं लग्न नाही पाहिलं. आता फोटोही नको पाहू?”

बाबा परत आले. फोटो जिथल्या तिथे राहिला.

न्देशी म्हणाली, “बाबा, सलामाकडे फुकटचं खातं उघडलं तर त्यातून आपली पेटीही दिसते. हवं ते पत्र आधी काढता येतं. फक्त पासवर्ड द्यावा लागतो.”

“किल्ली मी बायकोलासुद्धा दिली नाही कधी.”

“तिने मागितली होती?”

“नाही.”

मला राग आवरला नाही. “बाबा, तुमच्या सोवळ्यापायी ही पोरगी इथेच राहील. मग बसा किल्ली पुजत!”



शुक्रवारी बाबा मयतीला घालायचा काळा कोट घालून कॅफेत गेले. आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, मग सलामाला.

“माझंच दुकान आहे, बाबा!”

“म्हणूनच.”

आम्ही सगळे उन्हात उभे. आतून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत होता, मध्येच बंद पडत होता. शेवटी बाबा दारात आले.

“न्देशी, तुझं पत्र आहे. मी उघडलेलं नाही.”

ती आत गेली आणि जी किंचाळली, ती बसस्टँडवर ऐकू गेली. होकार तिथल्या तिथे पाठवला.

मग गॉडलिसनच्या आईला बोलावलं. सलामाची लाइन बरी होती, पण फोटो वरून खाली सावकाश उतरत होता. आधी आकाश, मग झाड, मग फुलांनी सजवलेली मोटार. मोटारीत कुणी नव्हतं. आजूबाजूलाही कुणी नव्हतं.

“गाडी चांगली आहे,” ती म्हणाली, आणि कॅफे बंद होईपर्यंत बघत बसली. सलामाने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

महिनाभरात गल्लीत ज्याची त्याची खाती झाली, फुकटची. बाबांचा प्रिंटर गप्प झाला. कंपनी पैसे तेवढेच घेत होती. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं. मी म्हटलं, “बंद करा आता ते खातं.”

“बघू.”

तेवढ्यात माझा नवरा पासवर्ड विसरला. सलामा म्हणाली, “नवा येईल की. खातं उघडताना दुसरा पत्ता दिला होतात ना, त्याच्यावर.” दुसरा पत्ता प्रत्येकाने तोच दिला होता, सगळ्या गल्लीला तोंडपाठ असलेला. विसरणारेही सगळेच निघाले. बाबा पुन्हा छापून, घडी घालून दारोदार जायला लागले.

न्देशीला तर पासवर्ड दर महिन्याला नवा लागतो. मग ती नॉर्वेहून फोन करते. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचतात, विसरभोळी म्हणून तिला झापतात, जेवलीस का विचारतात. माणसाच्या अंगातली सगळी हाडं त्या पोरीला नावानिशी पाठ आहेत.